रेशमी ऑर्गेंझा, घरचा प्रिंटर आणि मीटरवर छापून देणारे

कोलाजसाठी आरपार कापडावर फोटो छापायचे तर कुठलं कापड घ्यावं आणि छपाई घरी करावी की बाहेर, याचा हा माझा अनुभव. ज्यांना फक्त निकाल हवाय त्यांच्यासाठी आधीच सांगते. ए-फोरपर्यंतचं काम असेल तर रेशमी ऑर्गेंझा (तलम, आरपार दिसणारं ताठ कापड) मीटरवर विकत घ्या आणि घरच्या इंकजेटवर छापा. त्याहून मोठं हवं असेल तर बाहेरून पॉलिएस्टर ऑर्गेंझावर सब्लिमेशन, म्हणजे उष्णतेनं रंग धाग्यात उतरवायची छपाई, करून घ्या. रेशमी कापड बाहेर छापायला द्यायच्या भानगडीत पडू नका. द्यायचंच असेल तर छपाईनंतर ते कापडाला वाफ देतात का, धुतात का, हे आधी विचारून घ्या. आता सविस्तर.

मी आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढायचं काम केलं, टी-स्क्वेअरची पट्टी आणि रॉट्रिंगची शाईपेनं घेऊन, संगणकावरचं ऑटोकॅड यायच्या आधीपासून. तळमजल्याच्या नकाशावर ट्रेसिंग पेपर टाकून पहिला मजला काढायचा, त्यावर अजून एक टाकून नळाच्या लायनी, अशी आमची रोजची रीत. त्याही आधीच्या पिढीत ट्रेसिंग क्लॉथ असायचं: खळ देऊन गुळगुळीत केलेलं तलम कापड, ज्यावर शाईची रेघ न फुटता बसायची. ऑफिसच्या कपाटात त्याच्या पिवळ्या पडलेल्या गुंडाळ्या होत्या. त्यामुळे आरपार कापडावर चित्र म्हटल्यावर मला त्यात फार नवल वाटलं नाही. निवृत्तीनंतर कोलाज करायला लागले तेव्हा हात आपोआप तिकडेच वळला. खाली पुण्याच्या हातकागद संस्थेच्या जाड कागदावर डोंबिवलीतल्या, आता पाडून टाकलेल्या एखाद्या बंगल्याचा प्लॅन, वर ऑर्गेंझावर त्याच घराचा फोटो आणि दोन्हींतून गेलेला धावदोरा. साधारण असं माझं काम असतं. हा सगळा अनुभव त्या कामापुरता आहे. ओढण्या-साड्यांवर छापणाऱ्यांच्या गरजा वेगळ्या, त्यांनी यावर विसंबू नये.

कापडापासून सुरुवात करते, कारण निम्मी लढाई तिथेच जिंकली किंवा हरली जाते. मी सीएसएमटीला उतरून चालत मंगळदास मार्केटला जाते. तिथे ऑर्गेंझा म्हटलं की दुकानदार न विचारता पॉलिएस्टरचं ठाण उलगडतो, कारण बहुतेक गिऱ्हाइकांना तेच हवं असतं. रेशमी हवं असेल तर तसं स्पष्ट सांगायचं आणि एक धागा जाळून बघायचा.

"आंटी, एकदम प्युअर आहे."

"असेल हो. एक धागा पेटवून दाखवा की मग."

यात त्याला राग येत नाही, रोजचंच आहे. लायटर गल्ल्याशेजारीच असतो. पॉलिएस्टरचा धागा आक्रसतो, वितळतो आणि टोकाला काळा टणक मणी होतो. नखानं दाबला तरी फुटत नाही. रेशमाचा धागा सावकाश जळतो, केस जळल्याचा वास येतो आणि राख चिमटीत घेतली की भुगा होते. मागच्या खेपेला तिसऱ्या ठाणावर भुगा मिळाला. ४४ इंच पन्हा, ६५० रुपये मीटर. पॉलिएस्टर त्याच दुकानात ९० रुपयांना होतं. फरक मोठा वाटतो खरा, पण एका मीटरमध्ये ए-फोरहून थोडे मोठे बारा तुकडे निघतात, म्हणजे तुकडा ५५ रुपयांच्या आत पडला. चांगला जलरंगाचा कागदसुद्धा याहून स्वस्त पडत नाही.

एवढे पैसे का मोजायचे? दोन कारणं. पॉलिएस्टर पाणी पीत नाही, त्यामुळे इंकजेटची शाई त्यावर थेंबाथेंबानं उभी राहते आणि बोट लागलं की पुसली जाते. रेशीम शाई पितं. दुसरं कारण कडकपणाचं. ऑर्गेंझाच्या रेशमातला नैसर्गिक डिंक, सेरिसिन, काढून टाकलेला नसतो. एरवी रेशीम उकळून तो काढतात म्हणून ते मऊ आणि सुळसुळीत लागतं. ऑर्गेंझात तो तसाच ठेवल्यामुळे कापड कागदासारखं ताठ राहतं, प्रिंटरमधून जाताना चुरगळत नाही आणि फ्रेममध्ये आपल्या बळावर उभं राहतं. हे डिंकाचं प्रकरण लक्षात ठेवा, पुढे बाहेरच्या छपाईत त्याचा संबंध येणार आहे.

अमेरिकेत जॅकार्ड कंपनीचे तयार ताव मिळतात, रेशमी ऑर्गेंझा मागे कागद लावून दिलेला, थेट इंकजेटमध्ये घालण्यासाठी. भाचीनं येताना आणले होते. सुरेख आहेत, धागे सरळ, कडा साफ, डोक्याला ताप नाही. कुणी तिकडून येणार असेल तर जरूर मागवा. इथून मागवायचे म्हटले तर टपालखर्च आणि ड्युटी धरून तो शौक परवडत नाही, म्हणून मी स्वतःच ताव तयार करते.

कापताना कात्री सरळ चालवू नका. ऑर्गेंझाच्या कडेचा एक आडवा धागा सुईच्या टोकानं उचलायचा आणि हलके हलके ओढायचा. कापड त्या रेषेवर चुणतं, मग धागा सरकत सरकत पूर्ण बाहेर येतो आणि मागे केसाएवढी मोकळी वाट राहते. त्या वाटेवरून कात्री न्यायची. टी-स्क्वेअरनं आखली असती तर इतकी सरळ आली नसती, कारण ठाणावरच्या कापडाचा काटकोन थोडा तिरका झालेला असतो आणि विणीला तो बरोबर ठाऊक असतो. असा तुकडा प्रिंटरमधून तिरका जात नाही. सुटे धागे मात्र कात्रीनं साफ करा आणि वरून चिकटपट्टी फिरवून तंतू उचलून घ्या. एक लोंबता धागा शाईच्या डोक्याखाली सापडला तर छापलेल्या आकाशावर वीज पडल्यासारखी रेघ उमटते.

मागे आधार काय लावायचा यावर परदेशी व्हिडिओंत एकच उत्तर मिळतं: फ्रीझर पेपर, इस्त्रीनं चिकटवायचा. त्याच्या एका बाजूला प्लास्टिकचा पातळ थर असतो, तो उष्णतेनं चिकटतो. आपल्याकडचा बटर पेपर दिसायला तसाच, पण त्याला तो थर नसतो, त्यामुळे कितीही इस्त्री फिरवा, तो चिकटणार नाही. स्टेशनरीच्या दुकानात पूर्ण पानाचा ए-फोर स्टिकर ताव मिळतो, तो घ्या. आधी जुन्या सुती कापडावर दोन-तीनदा चिकटवून सोडवा, म्हणजे त्याचा जोर कमी होतो. नाहीतर ऑर्गेंझा सोडवताना डिंक विणीत अडकतो आणि त्यावर पुढे जन्मभर धूळ बसते. प्रिंटरमध्ये आधी शिरणाऱ्या कडेला मास्किंग टेप दुमडून लावायची. मागून कागद घेणारा प्रिंटर असेल तर ताव कमी वळतो, त्यावर काम सोपं जातं. आणि हात जोडून सांगते, लेझर प्रिंटरमध्ये किंवा झेरॉक्सच्या मशीनमध्ये यातलं काहीही घालू नका. आतला रूळ तापतो, स्टिकरचा डिंक आणि पॉलिएस्टर दोन्ही त्याला चिकटू शकतात आणि बिल तुमच्या नावानं फाटतं.

आता छपाई. पहिल्यांदा छापणाऱ्याचा हमखास विरस होतो तो इथे. ताव बाहेर येतो तेव्हा फोटो झकास दिसतो, गडद, भरलेला. मग ऑर्गेंझा सोडवला की अर्धा फोटो मागच्या स्टिकरवरच राहतो. कारण उघड आहे: दोन धाग्यांमधल्या जागेत कापडच नाही, तिथली शाई आरपार जाऊन कागदावर पडली. हातात राहतं ते फिकट, धुरकट चित्र. म्हणून फोटो आधीच अंगाबाहेर गडद करावा लागतो. पडद्यावर बघताना डोळ्यांना बटबटीत वाटेल इतका कॉन्ट्रास्ट आणि रंग वाढवा. प्रिंटरच्या सेटिंगमध्ये कागद 'मॅट फोटो' सांगा, दर्जा सर्वांत वरचा, म्हणजे शाई जास्त सोडली जाते. मागच्या स्टिकरवर उमटलेलं भुताटकी चित्र फेकू नका. मला ते कधीकधी मुख्य चित्रापेक्षा जास्त आवडतं. त्याला चिकटपणा असतोच, थेट कोलाजमध्ये लावता येतं.

पण या सगळ्यात खरा विचार करायचा तो पांढऱ्याचा. इंकजेटमध्ये पांढरी शाई नसते. कागदावर फोटोतलं पांढरं म्हणजे कागदाचं पांढरं. आरपार कापडावर पांढरं म्हणजे भोक. तिथून खालचं जे असेल ते दिसणार. एका बंगल्याच्या पायरीवर बसलेल्या, पांढरं धोतर नेसलेल्या गृहस्थांचा १९५०च्या आसपासचा फोटो मी असा छापला. डोकं, काळी टोपी, कोटाची बाही, पायरीची सावली हे सगळं कापडावर राहिलं. धोतर नाहीसं झालं. खाली त्या घराच्या जिन्याचा प्लॅन होता. त्याच्या पायऱ्यांच्या समांतर रेघा आणि 'वर' असा लिहिलेला बाण धोतराच्या जागेतून स्वच्छ दिसायला लागला. ठरवून केलं असतं तर इतकं जमलं नसतं. तेव्हापासून मी फोटो निवडताना त्यातलं पांढरं कुठे आहे ते आधी बघते आणि त्या जागेखाली काय ठेवायचं ते ठरवते. ढगाळ पांढरं आकाश, चुन्याच्या भिंती, साड्या, सदरे या सगळ्या खिडक्या आहेत. काळोख्या माजघराचा फोटो घेतलात तर सगळंच झाकलं जाईल, आणि मग ऑर्गेंझा वापरायचं कारणच उरत नाही.

मागचा कागदही त्याच हिशेबानं. शुभ्र कागदावर फोटो सर्वांत ठळक दिसतो. हातकागदाच्या सायीसारख्या रंगावर जरा जुनाट, जो मला हवा असतो. काळ्या किंवा गडद निळ्या पाठीवर फोटो गिळला जातो, दिवस वाया. कापड कागदाला टेकलेलं असेल तर चित्र नेमकं, अर्धा इंच वर उचललं तर तरंगतं, मागे त्याची सावली पडते आणि कडा हलतात. ऑर्गेंझाचे दोन थर एकावर एक ठेवले तर दोन्ही विणी मिळून पाण्यावरच्या तरंगांसारखी नक्षी उठते. नको असेल तर वरचा थर थोडा तिरका फिरवा. काही कोनांत ती नक्षी बारीक होऊन विरून जाते.

शाईचं दोन वाक्यांत. टाकीवाल्या बऱ्याच घरगुती प्रिंटरांत रंगीत शाई डाय प्रकारची (पाण्यात विरघळलेला रंग) असते, काहींत फक्त काळी पिगमेंट (न विरघळणारी रंगाची बारीक पूड) असते, तर थोड्या मॉडेलांत चारही पिगमेंट. डाय शाई रेशमावर जास्त तजेलदार दिसते, पण पाणी लागलं की पसरते आणि उन्हात उडते. पिगमेंट किंचित मंद, पण टिकाऊ. कोलाज करणाऱ्याला हा फरक कळीचा आहे, कारण आपले गोंद आणि ॲक्रिलिक मीडियम (सुकल्यावर पारदर्शक होणारा, रंग नसलेला लेप) सगळे पाण्याचे. डाय शाईच्या चित्रावर मीडियम फिरवलं की चेहऱ्याचा रंग गळ्यात उतरतो. तुमची शाई कुठली ते कळत नसेल तर छापलेल्या चिंधीवर पाण्याचा थेंब टाका आणि टिपकागदानं टिपा. डाय असेल तर चिकटवू नका, टाके घालून बसवा. मी तसंही टाकेच घालते. बारीक सुई, एकेरी रेशमी धागा, प्लॅनमधल्या भिंतीवरून धावदोरा. भिंत जिथे संपते तिथे गाठ मागे.

आता बाहेरच्या छपाईकडे. २४ इंचांचं काम करायचं होतं म्हणून ठाणे जिल्ह्यातल्या एका औद्योगिक वसाहतीतल्या डिजिटल छापखान्यात गेले. नाव देत नाही. दोन कामं दिली, एक पॉलिएस्टर ऑर्गेंझावर, एक माझ्या रेशमी ऑर्गेंझावर.

पॉलिएस्टरचं काम सब्लिमेशननं केलं. यात आधी चित्र खास शाईनं कागदावर छापतात, मग तो कागद कापडावर ठेवून साधारण २०० अंश सेल्सिअसला दाबतात. रंगाची वाफ होते आणि ती पॉलिएस्टरच्या धाग्यात शिरते. धाग्यावर थर बसत नाही, त्यामुळे कापडाचा आरपारपणा जसाच्या तसा राहतो. धुतलं तरी रंग जात नाही. सुती आणि रेशमावर हे टिकत नाही, फक्त पॉलिएस्टरवर. कापडासकट २५० रुपये मीटर घेतले, एक मीटरच्या खाली काम घेत नाहीत. रंग माझ्या घरच्या छपाईपेक्षा खूप उजवे. वीटकाम अगदी विटेच्या रंगाचं आलं. एकच सूचना, रेघांच्या चित्रांसाठी: मी ०.२ मिलिमीटरच्या पेनची रेघ ठेवली होती, ती ठिकठिकाणी तुटली, कारण रेघ दोन धाग्यांच्या मधल्या जागेत पडली की गेलीच. ०.५च्या खाली जाऊ नका. आणि पॉलिएस्टरला एक प्लास्टिकची चकाकी असते, फ्रेममध्ये दिव्याखाली ती बोलते. मला ती खटकते. तुम्हाला खटकत नसेल तर तुमचे पैसे वाचले.

रेशमाचं मात्र बिनसलं. रंग उत्तम आले, त्याबद्दल वादच नाही. पण रेशमावर रंग पक्का करायला त्यांनी कापडाला वाफ दिली, मग साबणाच्या गरम पाण्यात धुतलं. डिंक गेला. हातात आलं ते लुळं, ओल्या रुमालासारखं कापड, आणि २४ इंचांचा प्लॅन साडेतेवीसवर आला होता. खालच्या कागदावरचा प्लॅन पूर्ण मापाचा, त्यामुळे वरच्या खिडक्या खालच्या खिडक्यांवर बसेनात. नकाशे काढण्यात आयुष्य गेलेल्या बाईला अर्धा इंच म्हणजे काय ते विचारा. फोन केला.

"धुतल्यावर कापड आटतं, हे आधी सांगायचं नाही का रे?"

"काकू, सिल्क आटतंच ना. तुम्ही इस्त्री मारा, होईल कडक."

इस्त्रीनं काय होणार. मग घरी साबुदाण्याची पातळ खळ दिली. ताठ झालं, पण विणीच्या भोकांत पांढुरकी साय धरली आणि आरपारपणा गेला. छपाईला मी पाचपैकी चार देईन, सांगण्या-बोलण्याला एक. ज्या छापखान्यात आधी हातभर नमुना छापून, धुवून, मोजून देतात, तिथेच रेशीम द्या. आटण्याचा अंदाज आला की फाईल तेवढी मोठी करून देता येते. ताठपणा मात्र गेला तो गेला.

बाकीची कापडं भराभर. शिफॉनचे धागे पिळाचे, कापड सरकतं आणि ताणतं, चेहरे वाकडे होतात. नेटवर भोकं इतकी मोठी की चित्राचे ठिपके होतात, फक्त मोठ्या आकारांसाठी ठीक. मलमल शाई छान पिते आणि घरच्या प्रिंटरवर गुणी आहे, पण सुकी असताना दुधाळ दिसते. वरून ॲक्रिलिक मीडियमचा हात दिला की पारदर्शक होते, तेव्हा मात्र शाई पिगमेंट हवी. चंदेरी मला मनापासून आवडली. रेशमी ताणा, सुती बाणा, ताठ आणि तलम. जुन्या साडीचा जरीशिवायचा मधला भाग मिळाला तर सोडू नका. कोटा डोरियावर मुळातच चौकटींची वीण असते, त्यावर छापलेला फोटो जाळीच्या खिडकीतून बघितल्यासारखा दिसतो. ग्राफ पेपरवर काम केलेल्यांना ते आवडेल.

ज्यांच्याकडे प्रिंटरच नाही त्यांनी सायनोटाइप करून बघावं. जॉन हर्शेलनं १८४२ मध्ये शोधलेली रीत, आमच्या धंद्यात फेरो म्हणून, नकाशांच्या निळ्या प्रती काढायला, वापरली जायची ती हीच. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरीसायनाइड यांची द्रावणं मिसळून अंधाऱ्या खोलीत कापडाला लावायची, सुकवायची, वर ओएचपी शीटवर, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकच्या तावावर, बाहेरून छापून आणलेली निगेटिव्ह ठेवून उन्हात धरायची आणि साध्या पाण्यात धुवायची. शाई लागत नाही, पाण्यानं जात नाही, रेशीम आणि मलमल दोन्ही चालतात. रंग मात्र एकच, निळा. थंड पाण्यात धुतलं तर रेशमाचा ताठपणा बराचसा टिकतो. धुण्याचा सोडा किंवा तसा साबण कधीही लावू नका, तो निळा अल्कलीनं उडतो. पावसाळ्यात चार महिने विसरा. प्लॅनच्या रेघांसाठी याच्या तोडीचं काही नाही, फोटोतल्या चेहऱ्यांसाठी मी अजून इंकजेटच धरते.

फ्रेमवाल्याकडे देताना एक गोष्ट कागदावर लिहून द्या, तोंडी सांगितलेलं ते विसरतात: काच कापडाला टेकता कामा नये. काचेखाली चारही बाजूंनी पातळ पट्टी घालून पाव इंच तरी अंतर ठेवायचं. टेकली तर पावसाळ्यात आतला ओलावा काचेवर धरतो, ऑर्गेंझा तिला चिकटतो आणि डाय शाई असेल तर चित्राचा एक भाग काचेवर जातो. पट्टीचे ते वेगळे पैसे घेतात, १२ बाय १८च्या फ्रेमला माझ्याकडून १२० रुपये घेतले. ते मुकाट्यानं द्या.